मुक्या जनावरांचे औषध आणि व्यापाराचा हिशेब

पौडला कापडाचे दुकान चालविताना प्रत्येक बिल ओळीओळीने वाचण्याची सवय जडली. गेल्या वर्षी घरच्या कुत्र्याच्या त्वचारोगाचे बिल हाती आले, तेव्हाही तसेच वाचले. तपासणीची फी थोडी. औषधे आणि खाद्याची पिशवी मात्र तिच्या कितीतरी पट. तपासणारे, औषध सुचविणारे आणि विकणारे हात एकच होते. त्यात काही गैर घडले असे मी म्हणत नाही. परंतु आपल्या पूर्वजांनी हा व्यवहार कसा बांधला होता, हे पाहण्याची इच्छा त्या बिलाने झाली.

जून १८३२ मध्ये मुंबईत कंपनी सरकारच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालविली होती. कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने पाळलेली कुत्रीही त्यात सापडू लागली. पारशी रस्त्यावर उतरले, जैन व हिंदू त्यांना मिळाले आणि दंगल झाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, शेठ मोतीशाह आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. खर्चासाठी महाजनांनी कापसासारख्या मालाच्या व्यवहारावर ठरावीक लागा बसविला. जुन्या पावत्यांवर धर्मादायाची ओळ असे, तोच हा प्रकार. म्हाताऱ्या, लंगड्या, बेवारशी जनावराचा चारा व शुश्रूषा व्यापाराच्या खात्यातून निघे. धंद्यातला माणूस म्हणून मला यातले शहाणपण मोठे वाटते : शुश्रूषा करणाऱ्याचा नफा औषधाच्या खपावर अवलंबून नव्हता.

पुढे दिनशॉ माणकजी पेटिट यांच्या दानातून परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ झाले व १८८६ मध्ये तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. १८८९ मध्ये गुरांच्या साथींच्या अभ्यासासाठी सरकारी प्रयोगशाळा पुण्यात सुरू झाली. ती नंतर मुक्तेश्वरला हलली. स्वातंत्र्यानंतर, १९६२ पासून, जिल्हा परिषदांचे दवाखाने गावोगावी पोहोचले. लोक त्यांना ‘गुरांचा दवाखाना’च म्हणत, कुत्र्यामांजरांना तेथे दुय्यम स्थान. भूगाव, पिरंगुट, बावधनला नवी वस्ती झाली, तेव्हा खाजगी दवाखाने आले आणि त्यांच्या कपाटांत पिशव्याही आल्या.

कायद्याने ही गोष्ट मोकळी सोडलेली नाही. १९४५ च्या औषध नियमांनुसार पशुवैद्यकाला स्वतःच्या रुग्णासाठी परवान्याशिवाय औषध देता येते. मात्र उघडे दुकान मांडून येणाऱ्याजाणाऱ्यास विकता येत नाही. म्हणजे चिठ्ठी मागून औषध अन्यत्र घेण्यास संकोच नको. खाद्याच्या बाबतीत पिशवीची किंमत न पाहता रोजच्या खुराकाचा खर्च काढावा. आपल्यापैकी अनेकांना त्यातील मांसाची अडचण वाटते. कुत्रा योग्य शाकाहारी खाद्यावर राहू शकतो; मांजर निसर्गतःच मांसाहारी, म्हणून पाळण्यापूर्वीच विचार करावा.

काटकसर कोठे करू नये, याचे उदाहरण मात्र भयंकर आहे. डायक्लोफेनॅक हे स्वस्त वेदनाशामक गुरांना सर्रास टोचले जाई. असे गुरू मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बनविण्यावर बंदी आली. तरीही माणसांसाठीची मोठी कुपी स्वस्त पडते म्हणून ती गोठ्यात जात राहिली; अखेर २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरची करावी लागली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय होता, पण सुरुवातीला तो महाग पडे. काही रुपये वाचविणाऱ्या त्या गोठ्यांत आपल्याही लोकांचे गोठे असतील. मुंबईच्या डुंगरवाडीवर गिधाडे येईनाशी झाली आणि पारशी बांधवांच्या अंत्यविधीचाच प्रश्न उभा राहिला. १८३२ मध्ये कुत्र्यांसाठी प्रथम उतरले होते ते हेच पारशी.

पुढच्या खेपेस मी डॉक्टरांकडे चिठ्ठी मागितली. त्यांनी ती विनातक्रार लिहून दिली, औषधाचे मूळ नाव घालून. ‘घरातली माणसांची गोळी मात्र देऊ नका,’ एवढेच बजावले.