नारूची साखळी कुठे तुटली?

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातील एखाद्या जुन्या गावात जाऊन पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना ‘नारू’ म्हणजे काय, असे विचारावे. ज्यांना तो होऊन गेला, ते घोट्यावरचा किंवा नडगीवरचा जुना व्रण दाखवतील. तोच प्रश्न नववीच्या वर्गात विचारला, तर मुले एकमेकांकडे पाहू लागतील. शेकडो वर्षे माणसांना छळणारा एक रोग दोन पिढ्यांत इतका नाहीसा झाला, की त्याचे नावही मुलांच्या कानावरून गेलेले नाही.

यात विशेष असे की नारूवर लस कधीच निघाली नाही. तो बरा करणारे औषधही मिळाले नाही. मग तो गेला कसा? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शिक्षकाला उपयोगी पडेल, असे आम्हांला वाटते.

रोग कसा होता?

सुरुवात पायाला खाज आणि आग होण्याने होई. मग फोड येई. तो फुटला की त्यातून शेवईसारखा पांढरा धागा डोकावू लागे. हा धागा म्हणजे नारूच्या जंताची मादी. तिची लांबी साधारण ६० ते १०० सेंटिमीटर, म्हणजे एखाद्या मुलाच्या उंचीइतकी भरे. जाडी मात्र जेमतेम दोन मिलिमीटर. उपाय एकच होता. धाग्याचे टोक काडीला गुंडाळायचे आणि रोज थोडा थोडा, बोट-दोन बोटे, बाहेर ओढायचा. याला काही आठवडे लागत. घाईत धागा तुटला, तर पाय सुजे, पू होई आणि कधी सांधा कायमचा आखडून जाई.

नारूने माणूस सहसा दगावत नसे, पण अंथरुणाला खिळे. आमच्याकडे नारू बाहेर पडण्याचा काळ बहुधा उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात, म्हणजे नेमका मशागतीचा आणि पेरणीचा. मृगाचा पाऊस पडून वाफसा झाला, तरी घरचा कर्ता माणूस ओट्यावर पाय धरून बसलेला. पश्चिम आफ्रिकेतील माली देशात डोगोन लोक या रोगाला ‘रिकाम्या कणगीचा रोग’ म्हणतात. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला या नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. त्यातून एकदा नारू झाला म्हणून प्रतिकारशक्तीही येत नसे. तोच माणूस पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आजारी पडू शके.

शीर की जंत?

आपल्या आयुर्वेदीय ग्रंथांत या रोगाला ‘स्नायुक’ असे नाव आहे. अरबी वैद्य त्याला ‘मदिनेची शीर’ म्हणत. दोन्ही नावांवरून एक गोष्ट दिसते. पायातून निघणारी ती वस्तू सजीव जंत आहे की शरीराचाच एखादा तंतू आहे, याविषयी बराच काळ संभ्रम होता. १७५८ मध्ये लिनियसने तिची गणना कृमींमध्ये केली. पण हा कृमी शरीरात शिरतो कोठून, हा प्रश्न राहिलाच.

नारू पायातून निघतो, अनवाणी चालणाऱ्यांना होतो आणि पाणवठ्याच्या आसपास आढळतो. तेव्हा तो पायाच्या कातडीतूनच आत शिरत असणार, असे पुष्कळांना वाटे. निरीक्षणे बरोबर होती, अनुमान मात्र चुकले. जंत ज्या वाटेने बाहेर पडतो त्याच वाटेने आत येतो, असे कोणी सिद्ध केले नव्हते. ते नुसते गृहीत धरले गेले होते.

या कोड्याचा पहिला धागा १८७० मध्ये अलेक्सेई फेदचेंको या तरुण रशियन शास्त्रज्ञाला मध्य आशियातील तुर्कस्तान प्रांतात सापडला. साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा एक-दीड मिलिमीटरचा कवचधारी प्राणी असतो. नारूची पिल्ले त्याच्या शरीरात शिरून वाढतात, असे फेदचेंकोने पाहिले. पुढे तीन वर्षांनी आल्प्स पर्वतात चढाई करताना त्याचा मृत्यू झाला. डासाच्या शरीरात मलेरियाचा परजीवी रोनाल्ड रॉस यांना दिसला तो १८९७ मध्ये. एका बारीक प्राण्यामार्फत माणसापर्यंत रोग पोचतो, याचा हा सुगावा त्याच्याही सत्तावीस वर्षे आधीचा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट लायपर यांनी पुढचा प्रयोग केला. नारूची पिल्ले पोटात असलेले सायक्लॉप्स त्यांनी जठररसाइतक्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकले. सायक्लॉप्स मेले. आतली पिल्ले मात्र अधिकच चपळ झाली. म्हणजे नारूची वाट पायातून नसून तोंडातून होती. त्यानंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत (पुढे १९२५ मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले) डॉ. डी. ए. तुर्खुड यांनी १९१३-१४ च्या सुमारास स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांना असे सायक्लॉप्स पाण्यातून दिले आणि त्यांना नारू होतो, हे दाखवून दिले. असा प्रयोग माणसांवर करणे आज कोणी मान्य करणार नाही. पण साखळीची शेवटची कडी त्यातून पक्की झाली.

बारव आणि आड

आता ही साखळी आपण आपल्या गावात आणून पाहू.

मराठवाड्याची जमीन काळ्या पाषाणाच्या थरांवर पसरली आहे. या खडकात पाणी फार साठत नाही. पावसाळ्यात तुडुंब भरलेली विहीर चैत्र-वैशाखात तळ गाठते. म्हणून आपल्या पूर्वजांनी बारवा बांधल्या. पाणी जसजसे खाली जाईल, तसतसे माणसाला पायऱ्यांनी त्याच्यामागे उतरता यावे, ही त्यामागची युक्ती. वाटसरूला दोर-पोहऱ्यावाचून पाणी मिळे. स्थापत्य म्हणून ही रचना खरोखर नामी आहे. नारूलाही ती तितकीच सोयीची होती.

नारू झालेल्या माणसाच्या पायाची आग होते. थंड पाण्यात पाय बुडवला की त्याला बरे वाटते. तो बारवेच्या शेवटच्या पायरीवर उतरतो. पाय पाण्याला लागताच मादी लाखो पिल्ले पाण्यात सोडते. ही पिल्ले फार तर काही दिवस जगतात, पण तेवढ्यात सायक्लॉप्स त्यांना गिळतात. सुमारे दोन आठवड्यांत ती माणसाला बाधण्याजोगी होतात. मग त्याच पायरीवरून कोणी घागर भरते, आणि गावाच्या पोटात पुढच्या वर्षीचा नारू जातो. जठरात सायक्लॉप्स मरतो, पिल्ले आतड्याची भिंत भेदून बाहेर पडतात. नराशी समागम झाल्यावर मादी शरीरात वाढत राहते आणि साधारण एका वर्षाने कातडीपाशी येते.

हे एक वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. उन्हाळ्यात बारवेचे पाणी तळाला जाते, तेव्हा थोड्या पाण्यात सायक्लॉप्सची दाटी होते. त्या पाण्यातून गेलेला नारू बाहेर पडतो तो पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे पुन्हा पाणी तळाला गेलेले असतानाच. आपल्या हवामानाचे चक्र आणि जंताच्या आयुष्याचे चक्र एकमेकांत असे चपखल बसले होते.

याउलट आडाचे पाहा. आडाला पायऱ्या नसतात. पाणी दोराने शेंदावे लागते. त्यात कोणाचा पाय पडत नाही, म्हणून साखळी तेथे सुरूच होत नाही. गोदावरीसारख्या नदीच्या वाहत्या धारेतही सायक्लॉप्सची दाटी होत नाही. एकाच मुलखात एका गावी घरोघर नारू आणि दुसऱ्या गावी त्याचा मागमूस नाही, असे का होई, याचा उलगडा पुष्कळदा पाणवठ्याच्या बांधणीतच होतो. मात्र आड असलेल्या गावातही तो सर्वांना खुला असेच असे नाही. ज्यांना जातीमुळे तेथे पाणी शेंदू दिले जात नसे, त्यांना मिळेल ते पाणी प्यावे लागे.

आणखी एक गोष्ट. ज्याचा पाय पाण्यात पडला तो माणूस गुन्हेगार नव्हता. आगीने व्याकूळ झालेल्या त्या माणसाला आपण पुढच्या वर्षीचा रोग पेरतो आहोत, हे कळण्याचा मार्गच नव्हता. कृती आणि परिणाम यांच्यात तब्बल एक वर्षाचे अंतर होते. दैवाला किंवा देवाच्या कोपाला बोल लावणे त्यामुळे सोपे जाई.

कड्या आणि उपाय

साखळी समजली की ती तोडण्याच्या जागाही दिसतात. रोग्याने पाणवठ्यात उतरू नये, ही एक. पाण्यात टेमेफॉस हे औषध लिटरला एक मिलिग्रॅम इतक्या प्रमाणात टाकून सायक्लॉप्स मारावेत, ही दुसरी. पिण्याचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळावे, ही तिसरी. सायक्लॉप्स डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा असतो, त्यामुळे तो दाट विणीच्या कापडात सहज अडतो. पायऱ्या बंद करून कठडा बांधावा आणि रहाट बसवून बारवेचा आड करावा, ही चौथी. पाण्याचा नवा, बंदिस्त साठा शोधावा, ही पाचवी. यांपैकी कोणतीही एक कडी नीट तोडली, तरी पुढच्या वर्षी नारू होत नाही.

पाचव्या उपायाला चालना दिली ती दुष्काळाने. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात ठिकठिकाणी बोअर घेतले गेले. पण त्यांवरचे ओतीव लोखंडाचे पंप एका घराच्या वापराचे होते. अख्ख्या गावाने हापसल्यावर ते मोडून पडत. आपल्या शेजारच्या जालन्यात आणि सोलापुरात मिशनच्या लोकांनी पोलादाचे दणकट हापसे बनवले होते. त्याच धर्तीवर युनिसेफच्या मदतीने सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क दोन’ हा हापसा तयार झाला आणि पुढे जगभर गेला. हापसा बसला तो तहानेसाठी. त्याने नारूही हटवला.

१९८३-८४ मध्ये केंद्र सरकारने नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग होता आणि १९८४ मध्ये देशात सुमारे ४० हजार रोगी आढळले. आरोग्य कर्मचारी नारूचे चित्र घेऊन घरोघर जात आणि ‘असा रोगी पाहिला का?’ असे विचारीत. जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात देशातील शेवटचा रोगी नोंदला गेला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. १९८६ च्या सुमारास साऱ्या जगात वर्षाला अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होई. २०२४ मध्ये जगात मिळून १५ रोगी आढळले.

वर्गात काय सांगावे?

नारू गेला, मग त्याची गोष्ट मुलांना कशाला सांगायची? आमच्या मते त्याची दोन कारणे आहेत.

पहिले असे. प्रत्येक रोगाची साखळी वेगळी, म्हणून उपायही वेगळा. फडक्याने सायक्लॉप्स अडतो. विषमज्वराचे जंतू आणि काविळीचे विषाणू त्याहून कितीतरी बारीक असतात. ते फडक्यातून निसटतात. तेथे पाणी उकळावे लागते किंवा त्यात योग्य प्रमाणात क्लोरीन घालावे लागते. नांदेड जिल्ह्यात किनवट भागातील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळले आहे. त्यामुळे दात आणि हाडे बिघडतात. हा दोष बोअरच्या पाण्यातूनच येतो. तेथे फडके चालत नाही आणि उकळणेही चालत नाही. उलट उकळल्याने पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण वाढते. ‘शुद्ध पाणी प्या’ एवढे घोकून घेण्याने हा फरक मुलांना कळत नाही. पाण्यात नेमके काय आहे, असे विचारायची सवय त्यांना लावायला हवी.

दुसरे कारण टंचाईचे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणी आटले की माणूस मिळेल त्या पाणवठ्याकडे वळतो. अशा वेळी जुने ज्ञान पुन्हा कामी येते.

गावातील विहिरीचे किंवा बारवेचे पाणी काचेच्या स्वच्छ पेल्यात घ्यावे. पेला उजेडाकडे धरून भिंगातून पाहावे. झटके देत पोहणारे पांढुरके ठिपके दिसले, तर तो बहुधा सायक्लॉप्स. त्याला डोक्यावर एकच डोळा असतो. ग्रीक पुराणकथेतील एकाक्ष राक्षसावरून त्याला हे नाव मिळाले. मादीच्या शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबताना दिसतात. मग तेच पाणी दुहेरी फडक्यातून दुसऱ्या पेल्यात गाळावे आणि पुन्हा पाहावे. ठिपके दिसणार नाहीत. गाळलेले पाणी असे स्वच्छ दिसले, तरी ते पिऊ नये, हेही त्याच वेळी सांगावे आणि का पिऊ नये, ते मुलांना विचारावे.

बारव अजून आहे. सायक्लॉप्सही तिच्यात आहे. माणसांचे पाय आणि घागरीही आहेत. त्यांना जोडणारा जंत तेवढा आपल्या देशात उरलेला नाही. ज्यांनी फडके बांधले, पायऱ्या बुजवल्या, घरोघर चित्र दाखवले, त्या बहुतेकांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. आपल्या गावात अशी माणसे असतील. मुलांना घेऊन त्यांच्याकडे जावे आणि त्यांना ही गोष्ट सांगायला लावावी.