एकोणीस फुटांवरची तार

वर्धा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ला मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. भारतीय वीज नियमही त्याच वर्षीचे. रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार जमिनीपासून किमान १९ फूट आणि ११ केव्हीची २० फूट उंच हवी, असं त्यात होतं. पुढे १९ फुटांचे ५.८ मीटर झाले, उंची तीच राहिली. आर्वी तालुक्यात मी वायरमन होतो, तेव्हा हे माप आम्हाला तोंडपाठ असे.

१९६०च्या जूनमध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झालं. पुढे मोटेच्या विहिरींवर तीन-पाच हॉर्सपॉवरचे पंप बसू लागले आणि रस्त्यावरची तार वावरात शिरली. वावरात नियम १५ फुटांचाच. कापसाच्या बंडीला तो पुरायचा. मग थ्रेशर, हार्वेस्टर आले. त्यात आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खांब कलतो, तारेला झोळ येतो. डांबराचे थर चढले की रस्ताही तारेच्या जवळ जातो.

मे महिन्याच्या वादळात तार तुटली की लोक म्हणत, "ठिणगी नाही, म्हणजे लाइन बंद असंल." हा समज जीवघेणा आहे. कोरड्या जमिनीतून करंट कमी वाहतो, डीपीवरचा फ्यूज उडत नाही आणि तार चालूच राहते. ओल्या वावरात वीज भोवतालच्या मातीत पसरते. लांब टांग टाकली तरी दोन पायांतून शॉक बसतो. अशा वेळी पाय न उचलता, जवळजवळ ठेवून, घासत मागे सरकायचं. ट्रॅक्टरला तार लागली तर खाली उतरायचं नाही.

एक धोका मात्र आपणच वावरात आणला: रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडणं. बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली वाघीण ऑक्टोबर २०१७मध्ये कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरीत अशाच कुंपणाला लागून मेली. रात्री ओलिताला गेलेली माणसंही या कुंपणांनी घेतली आहेत. पीक राखायला सौर झटका मशीन आहे, ते लावा.

आणि तार पडलेली दिसली तर काठीनंही हलवू नका. लांब थांबा, पोरं-गुरं अडवा, १९१२ला फोन करा. लाइन बंद केली, असं वायरमननं सांगेपर्यंत ती चालूच समजा.