कला शाखेचे पदवीधर आणि संस्थानिर्मिती : एल्फिन्स्टन महाविद्यालयाचा दाखला

प्रस्तावना :
माजी विद्यार्थ्यांची प्रगती हा महाविद्यालयाच्या मूल्यमापनातील एक महत्त्वाचा निकष होय. ही प्रगती सामान्यतः नोकरी, पद आणि वेतन यांवरून मोजली जाते आणि या मोजमापात कला शाखा बहुधा उणी ठरते. इतिहासाच्या कसोटीवर हे मोजमाप कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील काही माजी विद्यार्थ्यांच्या वाटचालीच्या आधारे केला आहे.

पहिली तुकडी :
मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. १८६२ मध्ये बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक यांचा समावेश होता. वसाहतकालीन व्यवस्थेत पदवीधरांपुढे मुख्यतः न्यायखाते, वकिली आणि शिक्षण खाते हेच मार्ग खुले होते. रानडे न्यायखात्यात गेले व १८९३ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. वागळे वकिलीत, तर भांडारकर व मोडक शिक्षणक्षेत्रात स्थिरावले. तथापि त्यांचे कार्य पदापुरते मर्यादित राहिले नाही. १८८४ मध्ये पुण्यात मुलींसाठी सुरू झालेल्या हुजूरपागा शाळेच्या स्थापनेत रानडे, भांडारकर व मोडक या तिघांचाही वाटा होता. चरितार्थाच्या वाटा वेगळ्या असूनही सार्वजनिक कार्यात ते एकत्र आले, ही बाब लक्षणीय आहे.

अध्यापन : एक स्वीकृत व्रत :
त्याच १८८४ साली गोपाळ कृष्ण गोखले व धोंडो केशव कर्वे एल्फिन्स्टनमधून पदवीधर झाले. गोखले यांनी सरकारी नोकरीऐवजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे अल्पवेतनी आजीव सदस्यत्व पत्करले. १८९० मध्ये टिळकांनी सोसायटी सोडल्यावर गणिताच्या अध्यापकाची गरज निर्माण झाली, तेव्हा गोखले यांच्या पुढाकाराने कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात आले. पुढे गोखले यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज, तर कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम व १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. महाविद्यालयीन सहवासातील परिचय संस्थाजीवनास कसा उपकारक ठरतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

पदवीची मर्यादा :
या चित्राची दुसरी बाजूही ध्यानात घेणे आवश्यक आहे. बहुसंख्य पदवीधर कचेऱ्यांत व शाळांतच राहिले. उच्च शिक्षणाचा लाभ प्रामुख्याने वरिष्ठ जातींतील पुरुषांनाच मिळत होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे नेमक्या याच विषमतेवर बोट ठेवले होते. सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीच्या आधारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये एल्फिन्स्टनमधून बी. ए. झाले. त्यानंतर कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेऊन १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा अस्पृश्यतेमुळे त्यांना राहण्यास जागाही मिळेना. ज्या पदवीने रानड्यांना न्यायासनापर्यंत नेले, तीच पदवी आणि तीहून उच्च विद्या आंबेडकरांना साधा निवारा देऊ शकली नाही. पुढे त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिच्या वतीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाविद्यालय सुरू झाले. उच्च शिक्षणाची जी दारे आपल्या समाजास बंद होती, ती त्यांनी स्वतः उभारलेल्या संस्थांद्वारे खुली केली.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, कला शाखेच्या पदवीने या विद्यार्थ्यांना उपजीविका दिली. परंतु त्यांचे चिरस्थायी यश त्यांनी उभारलेल्या संस्थांत आहे. अशा संस्थांचे फळ पदवीनंतर दोन-तीन दशकांनी दिसते. गोखले यांची संस्था पदवीनंतर २१ वर्षांनी, कर्व्यांचे विद्यापीठ ३२ वर्षांनी, तर आंबेडकरांचे पहिले महाविद्यालय ३३ वर्षांनी उभे राहिले. पदवीनंतरच्या पहिल्या नोकरीची नोंद घेणाऱ्या तक्त्यात या कार्याला स्थान मिळाले नसते. म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या प्रगतीची नोंद ठेवताना महाविद्यालयांनी दीर्घकालीन सामाजिक कार्याचाही स्वतंत्र निकष म्हणून विचार करणे अगत्याचे आहे.