बुधवार, रात्रीचे आठ, गंजगोलाई

चला, लातूरच्या गंजगोलाईत उतरा. साल १९६०च्या आसपासचं. धोतराचा सोगा सावरा, सोळा रस्त्यांच्या या तोंडाशी बैलगाड्यांची कोंडी झालीय. तुरीच्या पोत्यांची धूळ नाकात जाते, मागून करडईच्या तेलाचा उग्र वास येतो. दिवसभराच्या उन्हानं पाठ भाजून निघालीय. तरी घरी जायचं नाही. आज बुधवार!

हाटेलात शिरा. हमाल, मुनीम, तालमीतली पोरं दाटीवाटीनं बसलीत. कोपरानं जागा करा. भज्यांचा घाणा उतरतोय, चुलीची धग तोंडावर येते. वर फळीवर, विणलेल्या रुमालाखाली, व्हॉल्व्हचा रेडिओ. मालक बटण फिरवतात, पण व्हॉल्व्ह तापेपर्यंत तो मुकाच. तापल्या धुळीचा वास सुटतो, काचेमागं पिवळा उजेड पडतो. काटा २५ मीटर बँडवर सरकतो. खरखर, शीळ आणि मग रेडिओ सिलोन! दर बुधवारची हिंदी गाण्यांची बिनाका गीतमाला, निवेदक अमीन सयानी.

“गप बसा की रं!” कुणीतरी ओरडतं.

हा आवाज मुंबईत टेपवर घेतलाय. टेप कोलंबोला, सिलोनच्या केंद्रावर, पाठवावी लागली. परतीच्या वाटेवर मात्र त्याला गाडी लागत नाही, तार लागत नाही, हवासुद्धा लागत नाही. तिथून रेडिओलहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर वेगानं वर जाते. ज्या उन्हानं तुमची पाठ भाजली, त्यातल्याच अतिनील किरणांनी शेकडो किलोमीटर उंचीवर हवेच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे केलेत. त्या थरात ही लहर वाकते आणि खाली लातुरात उतरते. कोलंबो इथून सुमारे १,३०० किलोमीटर; लहरीला लागतो सेकंदाचा दोनशेवा भाग.

ऐन गाण्यात आवाज बुडतो. मालक, बटणाला हात लावू नका! वरचा थर हलतोय, वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना मारतायत. थांबा जरा... आला!

बाहेर वीज लखलखते. त्याच क्षणी रेडिओत कडकड उठते, कारण विजेतूनही रेडिओलहरी निघतात. गडगडाट अजून वाटेतच आहे. मोजा. नऊ सेकंदांनी ऐकू आला, म्हणजे वीज ३ किलोमीटरवर पडली. हमाल पोती झाकायला पळतात, बाक मोकळे होतात.

पुढं सरका, रेडिओजवळ बसा. कोलंबोहून या फळीवर यायला गाण्याला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ त्याला फळीवरून बारा फुटांवरच्या शेवटच्या बाकापर्यंत जायला लागतो.