दंतसंपत् : वेड्यावाकड्या दातांचा इतिहास आणि आपला सीमाभाग



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी मुलांच्या वेड्यावाकड्या दातांचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु वर्णमाला शिकवणाऱ्याचे दातांशी नाते जुने आहे. त-थ-द-ध-न हे वर्ण दंत्य, प-फ-ब-भ-म हे ओष्ठ्य. वरचे दात फार पुढे आले की ओठ सहज मिटत नाहीत आणि ओष्ठ्य वर्ण उच्चारताना मुलाला प्रयास पडतात. वर्गात उभे राहून वाचावयास नकार देणारे मूल पुष्कळदा आळशी नसते. त्याला हशाचे भय असते.

आपल्या पूर्वजांनी या विषयाकडे बारकाईने पाहिले होते. बालरोगांचा विचार करणाऱ्या काश्यपसंहितेत दातांच्या उगवण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. बत्तीसांपैकी आठ दात एकदाच येतात आणि उरलेले दोनदा जन्मतात, म्हणून ते 'द्विज', असे तेथे म्हटले आहे. आजच्या शास्त्राप्रमाणे दुधाचे दात वीसच. गणनेत फरक पडला, तरी निरीक्षणाची दिशा अचूक होती. निर्दोष दंतपंक्तीला त्या ग्रंथाने दिलेले नाव मोठे अर्थपूर्ण आहे : 'दंतसंपत्'. जी संपत्ती आहे ती काहींच्याच वाट्याला यावी काय, हाच माझ्या आजच्या विवेचनाचा प्रश्न आहे.

वाकडे दात सरळ करण्याची विद्या पद्धतशीरपणे उभी राहिली ती युरोप-अमेरिकेत. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी 1728 साली आपल्या ग्रंथात नालाच्या आकाराची धातूची पट्टी दातांना दोऱ्याने बांधण्याची रीत वर्णिली. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी 1899 साली दोन्ही जबड्यांच्या दातांची जुळणी कशी बिघडते, याचे तीन वर्ग पाडले. पहिली कायमची दाढ ही त्यांनी मापनाची खूण मानली. एकही दात न काढता सर्वांना जागा करून द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढे 1940 च्या दशकात त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी गुरूशी मतभेद पत्करून, गर्दी असेल तेथे काही दात काढणे हितावह ठरते असे प्रतिपादन केले. 1955 साली मायकेल ब्युनोकोर यांनी दाताचा पृष्ठभाग आम्लाने खरखरीत करून त्यावर पदार्थ चिकटवण्याची युक्ती शोधली. त्यामुळे पुढे प्रत्येक दाताला धातूचे कडे घालण्याची आवश्यकता उरली नाही.

भारतात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 साली कलकत्त्यात दंतविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय 1933 साली सुरू झाले आणि दंतव्यंगोपचार करणाऱ्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था 1965 साली स्थापन झाली. आपल्या बेळगावात मात्र के.एल.ई. संस्थेचे दंत महाविद्यालय निघावयास 1985 साल उजाडले; मराठा मंडळाचे त्यानंतर 1992 साली निघाले. तत्पूर्वी या उपचारासाठी मुंबई-बंगळूरची वाट धरावी लागे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत रोजंदारीवर राबणाऱ्या आईला तो विचारही परवडणारा नव्हता. मग पुढे आलेले दात हे नशीब ठरे. त्या नशिबाची किंमत मुलींनी अधिक मोजली. बघण्याच्या कार्यक्रमात 'मुलगी चांगली आहे, पण दात पुढे आहेत' हे वाक्य या भागातील किती घरांनी ऐकले असेल! पदराआड हसण्याची सवय पुष्कळदा लज्जेतून नव्हे, तर अशा वाक्यांतून लागते.

वस्तुतः हा प्रश्न नशिबाचा नसून वाढीचा आहे. आणि वाढीला वेळ असते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ निमूटपणे येते. कोणताही दात न पडता ती येत असल्याने आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि किडली तर काढून टाकतात. अँगल यांनी ज्या दाढेवर आपले शास्त्र उभारले, तीच आपण अज्ञानाने गमावतो. दुधाची दाढ अकाली गेली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि नव्या दाताची वाट अडते. जबड्यांच्या वाढीतील विसंगती वाढत्या वयातच वळवता येते; मुलींमध्ये ही संधी मुलांच्या आधी येते आणि आधी सरते. प्रौढपणीही तारांनी दात हलवता येतात, परंतु जबड्याची मोठी विसंगती असेल तर बहुधा शस्त्रक्रियेचा आधार घ्यावा लागतो. तार जादू करीत नाही. तिच्या मंद दाबाने दाताच्या एका बाजूचे हाड झिजते, दुसऱ्या बाजूला नवे भरते. म्हणून सामान्यतः दीड-दोन वर्षे नियमित फेऱ्या माराव्या लागतात आणि तारा निघाल्यावरही दात जागी राखणारे साधन वापरावे लागते.

येथेच आपल्या भागाची खरी अडचण आहे. निपाणी ते बेळगाव अंतर सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. प्रत्येक फेरीला आईचा किंवा बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो, आणि अर्धवट सुटलेला उपचार न केल्याइतकाच व्यर्थ ठरू शकतो. विद्या दाराशी आली, पण उंबरठा ओलांडावयाचा राहिला.

प्रत्येक तिरक्या दाताला तार हवीच असे नाही. किंचित वाकडेपणा हे व्यंग मानून मुलांच्या मनात नवा न्यूनगंड पेरणे हाही अपराधच होय. परंतु ज्याला चावता येत नाही, ज्याचे ओठ मिटत नाहीत, त्याच्याकडे वेळेवर पाहावयास हवे. पहिलीत-दुसरीत दरवर्षी दंततपासणी व्हावी आणि गरजू मुलांच्या बसभाड्याचा व बुडालेल्या रोजाचा भार माजी विद्यार्थ्यांनी उचलावा, अशी माझी विनंती आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या या शाळेतील प्रत्येक मुलाला उभे राहून मोकळ्या तोंडाने वाचता यावे, याहून उचित स्मारक मला सुचत नाही.