सुटी गाडी

मी बी.कॉम., बँकेतला कारकून. मोटारीतलं मला कळतं ते फक्त तिचं कर्ज! तरी कॉलिन चॅपमन हा गृहस्थ मला जवळचा वाटतो. १९४८ साली लंडनात या पठ्ठ्यानं जुनी ऑस्टिन सेव्हन खोलून तिची शर्यतीची गाडी केली. कुठं? तर भावी सासऱ्यांच्या घरामागच्या गॅरेजात! (आमच्या सासऱ्यांनी सायकल लावायच्या आधी लग्नाची तारीख विचारली असती.) तीच पहिली लोटस.

पण माझ्या लेखी त्याचं खरं कर्तृत्व १९५७ च्या लोटस सेव्हनचं. ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर जबर खरेदीकर होता. सुट्या भागांचा संच घेऊन मालकानं घरी जोडला, तर तो लागत नसे. झालं! चॅपमननं गाडी सुटी विकायला काढली आणि पगारदार माणूस पाना घेऊन गॅरेजात शिरला. जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागेल, म्हणून म्हणे गाडी खोलायच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकानं त्या शेवटाकडून वाचायच्या! असं कलम आमच्या ऑडिटरलाही सुचलं नसतं.

१९७३ साली खरेदीकर जाऊन व्हॅट आला, सवलत संपली. त्याच वर्षी लोटसनं सेव्हनचे हक्क कॅटरहॅमला दिले. ते आजही गाडी सुटी विकतात. कर काही वाचत नाही. तरी लोक घेतात आणि घरी जोडत बसतात.