साडी नेसलेली मरिया

पोर्तुगीज अमलातील गोव्यात, सांत इस्तेव्ह बेटावर, १९०२ साली चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म झाला. मुंबईच्या कलाशाळेतील पाश्चात्त्य पद्धती सोडून ते शांतिनिकेतनास गेले आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या परंपरेत घडले. गोव्यास परतून त्यांनी मरियामातेस साडी नेसविली, गव्हाळ वर्ण दिला. गलबतांतून आलेली गौरवर्णी मूर्तीच खरी मानणाऱ्या स्वधर्मीयांस ते रुचले नाही. फोन्सेकांनी गाव सोडले. श्रद्धा मात्र सोडली नाही. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला. १९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६७ साली पुण्यातच त्यांचे देहावसान झाले. पुढे त्यांची कित्येक चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात, म्हणजे गोव्यातच, परत आली.